दोन महिन्यांचा रणगाडा: १/३५ 'फर्डिनांड' बांधणं आणि धुळीत उतरवणं

फर्डिनांड हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन रणगाडाविरोधी वाहन. त्याचं १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं मॉडेल हातात घेण्याआधी एक साधा हिशेब करा. ऑस्ट्रियातल्या सांक्ट व्हॅलेंटिनच्या निबेलुंगेनवेर्क कारखान्यातून ही वाहनं १९४३च्या एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पडली. रशियातल्या कुर्स्कची लढाई ५ जुलै १९४३ला सुरू झाली. म्हणजे लढाईच्या पहिल्या सकाळी प्रत्येक फर्डिनांडचं वय दोन महिन्यांच्या आसपास होतं. त्यातला बराचसा काळ सरावात आणि रेल्वेच्या वॅगनवर गेला. तरीही प्रदर्शनांत दिसणारी निम्मी फर्डिनांड मॉडेलं गंजाने सडलेली, रंगाचे पोपडे उडालेली, भंगाराच्या गोदामातून उचलून आणल्यासारखी असतात. तंत्र उत्तम असतं, पण वाहनाचं वय चुकलेलं असतं.

या लेखातला प्रत्येक टप्पा त्या वयाला धरून आहे: नवा रंग, नवं पोलाद, त्यावर उन्हाळी धूळ आणि तेलकट हातांचे डाग.

आधी नक्की करा: फर्डिनांड की एलेफांट?

अभियंते फर्डिनांड पोर्शे यांनी टायगर रणगाड्यासाठी आपला आराखडा दिला होता. सैन्याने हेन्शेल कंपनीचा निवडला. पोर्शेच्या आराखड्याचे सांगाडे तोवर तयार होत आले होते. त्यातल्या सुमारे ९० सांगाड्यांवर मागच्या बाजूला पोलादी पेटी बसवून त्यात ८८ मिमीची लांब पाक ४३ ही रणगाडाविरोधी तोफ दिली गेली आणि हे बिनबुरुजाचं वाहन जन्माला आलं. आतली व्यवस्था विचित्र आहे. मधोमध दोन मायबाख पेट्रोल इंजिनं, ती जनित्रं फिरवतात, आणि जनित्रांच्या विजेवर मागच्या दोन मोटारी ट्रॅक ओढतात. चालक आणि रेडिओवाला पुढे, बाकी चौघे मागे, आणि मध्ये इंजिनांची भिंत. वजन ६५ टन.

कुर्स्कनंतर वाचलेली वाहनं १९४३-४४च्या हिवाळ्यात पुन्हा कारखान्यात आली आणि १९४४मध्ये त्यांचं नाव एलेफांट झालं. मॉडेल बांधणाऱ्याला तीन फरक पाठ हवेत. एलेफांटला पुढच्या हलवर (हल म्हणजे रणगाड्याचं खालचं धड) गोल बॉलमध्ये मशीनगन आहे, छतावर कमांडरचा कपोला (बाहेर बघायची छोटी घुमटी) आहे आणि अंगावर झिमेरिटचा खरबरीत लेप आहे. फर्डिनांडला यातलं काहीही नाही. कुर्स्कच्या मॉडेलवर झिमेरिट ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती रंगाखाली लपतही नाही.

किट घेताना खोक्यावरचं नाव नीट वाचा. १/३५मध्ये ड्रॅगन आणि झ्वेझ्दाचं फर्डिनांड मिळतं. तामियाचं किट एलेफांटचं आहे. जोडणी त्याची सर्वांत सुखाची, पण त्यातून कुर्स्कचं वाहन काढायचं तर मशीनगन आणि कपोला काढून पोलादी पत्रा पुन्हा घडवावा लागेल. पहिल्यांदा बांधणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

पूर्ण झालेलं मॉडेल तोफेसकट सुमारे २३ सेमी लांब, साडेनऊ सेमीहून थोडं रुंद आणि साडेआठ सेमी उंच होतं. कपाटाचा खण आधीच मोजून ठेवलेला बरा.

हाताशी काय हवं

चांगला निपर, ११ नंबर पात्याचा चाकू, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश, एक काचेचा सपाट तुकडा आणि एक पोलादी पट्टी. गोंद दोन प्रकारचे लागतात: फटीत आपोआप ओढला जाणारा पातळ गोंद, आणि सावकाश वाळणारा जाड गोंद. फोटो-एच (पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेल्या) भागांसाठी सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपला फेव्हीक्विकसारखा गोंद, चालतो. मात्र थेट नळीतून लावू नका. एक थेंब टाइलवर काढून सुईच्या टोकाने उचला.

वेदरिंगसाठी (वापराच्या खुणा आणण्यासाठी) महागडे संच हवेतच असं नाही. कॅमलचे आर्टिस्ट ऑइल कलर चालतात: रॉ अंबर, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, पांढरा आणि काळा. पिगमेंटऐवजी (कोरड्या रंगपुडीऐवजी) सॉफ्ट पेस्टल खडू ४०० नंबरच्या कागदावर घासून घेतलेली पूड बहुतेक कामं करते. फक्त अंगणातली खरी माती वापरू नका. १ मिमीचा कण या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो, आणि सगळी धूळ खडीसारखी दिसते.

टर्पेंटाइनबाबत सावध राहा. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन तेलकट थर मागे ठेवतं आणि ताण असलेल्या प्लॅस्टिकच्या सांध्यात मुरलं तर तडाही जातो. कलासाहित्याच्या दुकानातलं, कमी वासाचं, शुद्ध केलेलं घ्या. तेही आधी मॉडेलच्या पोटाखाली लावून रात्रभर ठेवून बघा.

चाकं आणि ट्रॅक: इथेच वेळ द्या

फर्डिनांडच्या प्रत्येक बाजूला सहा रोडव्हील (जमिनीवरच्या ट्रॅकवरून धावणारी चाकं) आहेत, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. वरून ट्रॅकला आधार देणारी छोटी चाकं नाहीत. मागचं दातेरी चाक ट्रॅक ओढतं. पुढचं नुसतं ताण देणारं आहे, पण त्यालाही दात आहेत. या दोन गोष्टींमुळे वाहनाची बाजूची ओळख तयार होते आणि पुढे रंगकामही बदलतं, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

चाकांच्या जोड्या धरणारे हात बऱ्याच किटांत हलते असतात. हलते ठेवण्यात काही मौज नाही. वाहन सपाट पायावर ठेवणार असाल तर हात चिकटवा आणि गोंद ओला असतानाच हल काचेवर ठेवा. सहाही चाकं तात्पुरती अडकवून, बाजूने पोलादी पट्टी लावून बघा. एखादं चाक अर्धा मिमी जरी अधांतरी राहिलं तरी ६५ टनांचं वाहन खेळण्यासारखं हलकं वाटू लागतं. वर एखादं जड पुस्तक ठेवून रात्रभर वाळू द्या. ऊबडखाबड जमिनीचा डायोरामा (देखावा) असेल तर उलटं करा: आधी जमीन घडवा, मग हात त्या जमिनीवर बसवून चिकटवा.

चाकांवरची साच्याची रेघ घासून काढाच. या चाकांना बाहेरून रबर नाही, कड पोलादी आहे. ती रेघ राहिली तर शेवटी ग्रॅफाइटने कड चमकवताना अगदी ठसठशीत दिसते.

ट्रॅक सुट्या कड्यांचा असेल तर एका बाजूला शंभराहून अधिक कड्या साफ कराव्या लागतात. एका बैठकीत करू नका. चाळीस-पन्नास कड्यांनंतर हात घाई करू लागतो आणि दात कापले जातात. जोडणीची रीत अशी:

१. पोलादी पट्टीच्या आधाराने कड्या एका रेषेत मांडा. सूचनापत्रकात दाखवलेली दिशा तपासा. डाव्या आणि उजव्या बाजूची दिशा आरशातल्या प्रतिमेसारखी असते.

२. ट्रॅकच्या वरच्या आणि खालच्या धावेसाठी लागणाऱ्या कड्या जाड गोंदाने जोडा. २० ते ३० मिनिटं थांबा. पट्टा चामड्यासारखा लवचिक व्हायला हवा, ओला नको.

३. मागचं दातेरी चाक आणि पुढचं दातेरी चाक हलवर न चिकटवता फक्त अडकवा. पट्टा त्यांच्याभोवती गुंडाळा.

४. वरची धाव रोडव्हीलांवर झोपवा. आधाराची चाकं नसल्याने ट्रॅक तणावात सरळ उभा राहत नाही, आपल्या वजनाने खाली येतो. फेंडर (ट्रॅकवरचा पत्रा) आणि ट्रॅकच्या मधल्या जागेत स्पंजाचे तुकडे खोवून त्याला दाबून ठेवा आणि १२ तास हात लावू नका.

वाळल्यावर दोन्ही दातेरी चाकांसकट अख्खा ट्रॅक एका तुकड्यात बाहेर सरकवता आला पाहिजे. तो वेगळा रंगवायचा आहे. सरकत नसेल तर एक सांधा दिसणार नाही अशा जागी, फेंडरच्या आत, सुटा ठेवा. खऱ्या ट्रॅकची रुंदी ६४० मिमी होती, म्हणजे मॉडेलवर १८ मिमीपेक्षा किंचित जास्त. बाजारातला वेगळा धातूचा ट्रॅक घेणार असाल तर पट्टीने मोजून घ्या.

पेटी, पुढचा पत्रा आणि तोफ

पुढच्या बाजूला मूळ १०० मिमीच्या पत्र्यावर आणखी १०० मिमीचा पत्रा बोल्टने कसलेला होता. त्या शंकूसारख्या बोल्टांच्या रांगा ही फर्डिनांडच्या चेहऱ्याची खूण आहे. पॉलिश पेपर फिरवताना नेमके हेच बोल्ट चपटे होतात. फटी बुजवायच्या असतील तर बोल्टांभोवती मास्किंग टेप लावा, आणि पुट्टी ओली असतानाच थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. घासायची वेळच येऊ देऊ नका.

किटमधले जाड पत्रे फारच गुळगुळीत असतात. खरे पत्रे रोलिंग मिलमधून आलेले, कडा गॅसने कापलेल्या. पोत देण्यासाठी मिस्टर सर्फेसर ५०० (जाड प्रायमर) जुन्या, केस राठ झालेल्या ब्रशने टोचून लावा आणि वाळल्यावर ६०० नंबरने वरचेवर घासा. पोत बोटाला जेमतेम जाणवावा. डोळ्याला दुरून जाणवला तर तो ओतीव लोखंडासारखा दिसतो आणि फर्डिनांडचे पत्रे ओतीव नव्हते. जिथे पत्र्यांच्या कडा एकमेकींत खाचा करून बसतात तिथे चाकूच्या पात्याने आडव्या बारीक रेघा ओढा; गॅसने कापल्याची खूण तेवढ्याने येते. वेल्डसाठी मिलिपुटची (मॉडेलच्या पुट्टीची) केसाएवढी वळी सांध्यात ठेवून, चाकूच्या टोकाने एक-एक मिमीवर तिरके ठसे द्या.

मधल्या डेकवरच्या (हलच्या वरच्या सपाट पत्र्यावरच्या) जाळ्यांकडे दुर्लक्ष करू नका. इंजिनं मध्यभागी असल्याने सगळी हवा तिथूनच आत-बाहेर होते आणि वरून बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. किटमध्ये फोटो-एच जाळी असेल तर तीच वापरा. जाळीखालचा भाग आधी काळा रंगवा, जाळी बसवल्यावर तिथे ब्रश जात नाही.

तोफेची लांबी ७१ कॅलिबर, म्हणजे ८८ गुणिले ७१, सव्वासहा मीटर. १/३५मध्ये सुमारे १८ सेमी, त्यातला काही भाग पेटीच्या आत. नळी दोन अर्ध्या भागांत आली असेल तर सांधा घासताना ती अंडाकृती होण्याचा धोका असतो. कागदाची पट्टी नळीवर बुटाला पॉलिश करतात तशी ओढा आणि दर दहा-बारा ओढींनंतर नळी थोडी फिरवा. एवढी लांब नळी हलत्या सांध्यावर काही महिन्यांत खाली झुकते. तोफेचा कोन ठरवून आतून गोंद भरून टाका. प्रवासातलं वाहन दाखवायचं असेल तर पुढच्या डेकवरचा आधाराचा दांडा उभा करून नळी त्यात विसावू द्या.

पेटीच्या मागच्या भिंतीवरचं मोठं गोल झाकण उघडं ठेवायचा मोह होतो. किटमध्ये तोफेचा मागचा भाग आणि आतल्या भिंती असतील तरच उघडा. आतला वरचा भाग हस्तिदंती रंगाचा आणि खालचा लालसर प्रायमरचा ठेवतात. आत काहीच नसेल तर झाकणं बंद बरी. पोकळ पेटी सगळ्या मेहनतीवर पाणी टाकते.

ओढण्याच्या दोरांसाठी किटमधला प्लॅस्टिकचा दोर फेकून द्या. पीळ दिलेली ०.९ ते १ मिमीची तांब्याची तार घ्या, मेणबत्तीवर हलकी तापवून थंड होऊ द्या. मऊ झालेली तार स्वतःच्या वजनाने पत्र्यावर बसते, स्प्रिंगसारखी उभी राहत नाही. अँटेनासाठी स्प्रूचा (किटचे भाग धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा) तुकडा तापवून ताणा; २ मीटरची खरी अँटेना इथे ५७ मिमीची होते.

रंग

सगळं मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा. प्रायमर लालसर, ऑक्साइड रंगाचा घ्या. पुढे कुठे रंग खरवडला गेला तर खाली खरा प्रायमरच दिसेल.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर लॅकर प्रायमर आणि मॅट वार्निश फवारणं हा जुगार आहे. हवेतली वाफ ओल्या थरात अडकते आणि पृष्ठभागावर पांढुरकी बुरशी चढल्यासारखी दिसते. पावसाची झड लागली असेल तर ते काम पुढे ढकला, किंवा थिनरमध्ये थोडा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घालून पातळ थर द्या. पांढरेपणा आलाच तर नुसता लॅकर थिनर लांबून हलका फवारल्यास बऱ्याचदा तो निघून जातो. खोलीत खिडकी उघडी आणि तोंडावर कार्बन फिल्टरचा मास्क हवाच. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही.

फेब्रुवारी १९४३पासून जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा होता, आणि हिरवा व तांबडा-तपकिरी हे रंग युनिटला मिळत. तामियाच्या बाटल्यांत हिशेब असा:

मूळ पिवळ्यासाठी एक्सएफ-६० चार भाग आणि एक्सएफ-२ पांढरा एक भाग. नुसता एक्सएफ-६० एवढ्या लहान वस्तूवर जरा काळवंडलेला वाटतो. रंग एक भाग, थिनर दीड ते दोन भाग, दाब १५ पीएसआय. आडव्या पृष्ठभागांच्या मध्यभागी पांढऱ्याचं प्रमाण दुप्पट करून एक हलका फवारा द्या. त्याहून जास्त उजळ-गडद खेळ करू नका. दोन महिन्यांच्या रंगाला उन्हाने फिकं पडायला तेवढाच वेळ मिळाला होता.

हिरव्यासाठी एक्सएफ-५८ तीन भाग आणि मूळ पिवळा एक भाग. आता कोणतं युनिट हे ठरवावं लागेल. फर्डिनांड ६५३ आणि ६५४ या दोन बटालियनांकडे होती. दोन्ही ६५६व्या रेजिमेंटमध्ये, कुर्स्कच्या उत्तर बाजूला, पोनिरी गावाच्या दिशेने लढल्या. ६५४च्या वाहनांच्या छायाचित्रांत पिवळ्यावर हिरव्या रेषांचं जाळं दिसतं, ६५३कडे मऊ कडांचे ठिपके-पट्टे. क्रमांकही वेगळे: ६५३ची वाहनं १००, २०० आणि ३००च्या मालिकेत, ६५४ची ५००, ६०० आणि ७००च्या. ६५४च्या वाहनांवर बटालियनचे प्रमुख नोआक यांच्या नावातलं 'एन' हे रोमन अक्षरही असे. एकाचं जाळं आणि दुसऱ्याचा क्रमांक अशी भेसळ झाली की जाणकाराला लांबूनच कळतं.

रेषांचं जाळं एअरब्रशची खरी परीक्षा घेतं. खरी रेघ १० सेमी रुंद धरली तर मॉडेलवर ती ३ मिमीहून कमी हवी. रंग एक भागाला थिनर तीन भाग, दाब १० ते १२ पीएसआय, सुईचं पुढचं टोपण काढून टाका आणि पृष्ठभागापासून एक-दीड सेमीवर राहा. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर दाब जास्त आहे किंवा हात थांबला आहे. रेघेवर खडबडीत दाणे आले तर रंग हवेतच वाळतोय: थिनर वाढवा, एक थेंब रिटार्डर घाला. आधी जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यावर दहा मिनिटं हात बसवा. चुकलेली रेघ मूळ पिवळ्याने लगेच कापता येते, आणि अशी कापाकापी झालेली जाळी उलट जास्त खरी वाटते. ती मुळातही सैनिकांनीच घाईत फवारली होती.

२४ तासांनी एक्सएफ रंगांवर एक्स-२२ चकचकीत वार्निशचे दोन पातळ थर द्या. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं क्रमांक-चिन्हांचं चित्र) मॅट रंगावर लावली तर खाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकते. डिकल बसवणाऱ्या द्रवांपैकी मायक्रो सेट खाली, मायक्रो सोल वरून. डिकल सुरकुतली तर हात लावू नका, वाळताना ती आपोआप ताणून बसते. त्यावर पुन्हा एक चकचकीत थर.

वापराच्या खुणा

*वॉश.* म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा मिसळा, एक भाग रंगाला दहा-बारा भाग टर्पेंटाइन. बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या मुळाशी किंवा पत्र्याच्या सांध्याला टेकवा, बाकीचं काम केशाकर्षण करतं. १५-२० मिनिटांनी, जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून खाली पुसा. सगळ्या अंगावर वॉश ओतू नका. पिवळा रंग एकदा तपकिरी झाला की मागे फिरत नाही. चाकांच्या हातांच्या सांध्यांत टर्पेंटाइनचं तळं साचू देऊ नका. तडे जाण्याची ती नेहमीची जागा आहे.

*ऑइलचे ठिपके.* ऑइल कलर ट्यूबमधून पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा जास्तीचं तेल शोषतो, नाहीतर मॉडेलवर तो भाग आठवडाभर चिकट आणि चमकदार राहतो. पेटीच्या बाजूंवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे, ऑकर आणि रॉ अंबरचे ठिपके द्या आणि टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने सरळ खाली ओढा. ठिपका नाहीसा व्हावा, फक्त छटा उरावी. पेटीच्या भिंती म्हणजे मोठी कोरी पाटी आहे. तिच्यावर हा टप्पा सोडून दिला तर बाकीचं कितीही केलं तरी मॉडेल प्लॅस्टिकचंच वाटतं.

*खरवड.* इथे वय आठवा. लालसर प्रायमर आणि काळपट तपकिरी अशा दोन छटा, स्पंजाचा फाटका तुकडा, कागदावर बहुतेक रंग टिपून घ्या. जागा मोजक्या: चालकाच्या झाकणांच्या कडा, पेटीवर चढताना बूट लागतात ते कोपरे, ओढण्याच्या आकड्यांची भोकं, फेंडरची पुढची कड, अवजारांच्या पेटीची कड. नारिंगी गंज कुठेही नको. टायगरसारखे मागच्या बाजूला उभे मफलर या वाहनाला नाहीत, म्हणजे गंजाची नेहमीची मोठी जागाही इथे मिळत नाही. अवजारांच्या पेटीत, सुट्या ट्रॅक-कड्यांवर फिकट तपकिरी छटा चालेल. कोरं पोलाद आठवड्याभरात तेवढं होतंच.

*ट्रॅक.* काळा तीन भाग, एक्सएफ-६४ दोन भाग, एक्सएफ-५९ एक भाग. वर धुळीचं पिगमेंट, टर्पेंटाइनने बसवलेलं. वाळल्यावर बोटाने घासा, उंच भाग मोकळे होतील.

*धूळ.* हा सगळ्या कामाचा गाभा. तो प्रदेश काळ्या मातीचा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानातून उन्हाळ्यात बैलगाडी गेलेली ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको: ओली माती काळी, पण उडालेली धूळ राखाडी-भुरकट. म्हणून धुळीला पिवळा किंवा विटकरी रंग देऊ नका. वाळवंटातली गाडी होईल.

पहिला थर एअरब्रशने: एक्सएफ-५७ तीन भाग, एक्सएफ-५२ एक भाग, एक्सएफ-२० एक भाग, आणि या मिश्रणाच्या नऊपट थिनर. खालची हल, चाकं, फेंडरची खालची बाजू, बाजूंचा खालचा एक तृतीयांश. फवारताना काहीच पडत नाहीये असं वाटलं पाहिजे, वाळल्यावर दिसतं. मागची भिंत मात्र वरपर्यंत. ट्रॅक धूळ मागे फेकतात आणि फर्डिनांडची उंच पेटी नेमकी मागेच आहे, त्यामुळे गोल झाकणाभोवती पुढच्या चेहऱ्यापेक्षा जास्त धूळ बसते.

आता मॅट वार्निश, मग कोरडं पिगमेंट. दोन छटा करा: एक भुरकट राखाडी, एक गडद तपकिरी. गडद छटा चाकांच्या हातांमागे आणि हलच्या कोपऱ्यांत. भुरकट छटा डेकच्या सांध्यांत, झाकणांभोवती, बोल्टांच्या रांगांमध्ये. कोरड्या ब्रशने ठेवा, मग भरलेल्या ब्रशचं टोक शेजारच्या जागेला टेकवून टर्पेंटाइन पिगमेंटमध्ये ओढलं जाऊ द्या. थेट ब्रश लावला तर पिगमेंट वाहून जातं आणि गोल डाग उरतो. ओलं असताना सगळं काळं-काळं होतं आणि घाबरायला होतं. रात्रभर थांबा, मगच कमी-जास्त ठरवा. चालतात, बसतात, हात टेकतात त्या जागांवरून पिगमेंट ओलसर कापसाच्या काडीने काढून टाका. धूळ सगळीकडे सारखी असेल तर ते वाहन महिनाभर उभं असल्यासारखं वाटतं.

सुरुंगावर चढून थांबलेलं फर्डिनांड दाखवायचं असेल, आणि पोनिरीजवळ सुरुंगांनीच यातली पुष्कळ वाहनं अडकवली, तर तुटलेल्या जोडीच्या आजूबाजूला ताजी काळी माती फेकल्यासारखी लावा. बाकी वाहन तसंच भुरकं राहू द्या. काळ्या-भुरक्याचा तो फरकच स्फोट सांगतो.

*तेल आणि इंधन.* मधल्या डेकवर इंधन भरण्याच्या झाकणांजवळ बर्न्ट अंबर, काळा आणि थोडं चकचकीत वार्निश मिसळून दोन-तीन डाग. एक पातळ पसरलेला, जुना. त्यावर एक लहान, गडद, ओला. रोडव्हीलच्या मध्यभागी ग्रीसचा एखादा ओघळ, बाराही चाकांवर नको, तीन-चार पुरे.

*धातूची चमक.* अगदी शेवटी ६बी किंवा ८बी पेन्सिलचं शिसं कागदावर घासून त्याची पूड बोटाने लावा: ट्रॅकच्या जमिनीला लागणाऱ्या कडा, ट्रॅकच्या आतल्या बाजूला चाकं धावतात ते पट्टे, रोडव्हीलच्या पोलादी कडा आणि दातेरी चाकांचे दात. मागचेही आणि पुढचेही. पुढचं चाक ओढत नसलं तरी त्याचे दात ट्रॅकमध्ये फिरतच असतात, आणि तिथे कोरडा धुळकट रंग ठेवणं ही चूक उत्तम मॉडेलांतही सापडते. यानंतर वार्निशचा एकही थर देऊ नका. ग्रॅफाइट लगेच मेलेलं राखाडी होतं.